हाताने फोकस करण्याचं सुख: निकॉन एफएम२ आणि तिच्या पिढीचे कॅमेरे

घाटवाट

फिल्म कॅमेऱ्याचा विषय निघाला की चर्चा लगेच रंगांवर आणि ग्रेनवर जाते. फिल्मचे रंग मलाही आवडतात, पण आता ते कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी जमवता येतात. लेन्सची रिंग स्वतः फिरवून फोकस बसवण्याचं तसं नाही. या जुन्या कॅमेऱ्यांचं खरं सुख माझ्या मते तिथेच आहे, डाव्या हाताच्या बोटांत. त्यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

माझ्या हाताशी कायम निकॉन एफएम२ असते, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो. ती १९८२ मध्ये बाजारात आली आणि २००१ पर्यंत बनत राहिली. आतलं सगळं काम यांत्रिक. दोन बटणसेल लागतात ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरते. सेल संपले तरी शटरचे एक सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंतचे सगळे स्पीड चालू राहतात. १/४००० गाठायला शटरची पाती हलकी हवी होती, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत टायटॅनियमच्या पात्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी कोरून त्यांचं वजन उतरवलेलं असायचं. स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला तो याच मॉडेलवर, १०५ मिमीच्या लेन्सने. त्या फोटोत डोळे किती काटेकोर फोकसमध्ये आहेत ते बघा. ते हाताने बसवलेले आहेत.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं, आडव्या रेघेने दुभागलेलं, आणि त्याच्याभोवती बारीक दाणेदार कडं. हीच स्प्लिट इमेज. स्क्रीनमध्ये त्या जागी दोन चिमुकली प्रिझम एकमेकांच्या उलट दिशेला कलती बसवलेली असतात. लेन्सची प्रतिमा नेमकी स्क्रीनच्या पातळीवर पडली की वरचा आणि खालचा भाग जुळतो. ती जरा पुढे-मागे पडली की एक भाग डावीकडे सरकतो, दुसरा उजवीकडे. भोवतीच्या कड्यात फोकस नसताना चित्र चमचमत राहतं आणि फोकस बसला की ते चमचमणं एकदम थांबतं. मोटर नाही, वीज नाही.

आषाढी वारीत दिवे घाटाच्या चढावर एक आजी कठड्याला टेकून विसावल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. "आजी, फोटो काढू का?" म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला. स्प्लिटमध्ये कुंकवाचे दोन तुकडे दिसत होते, वरचा एका भुवईकडे, खालचा दुसऱ्या. रिंग फिरवत गेलो तसे ते एकमेकांकडे सरकत आले आणि गोल पुरा झाला. पण कुंकवावर थांबून भागत नाही. ५० मिमीची लेन्स एफ/२ वर उघडलेली (हा अ‍ॅपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) आणि माणूस मीटरभर अंतरावर असेल तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम पाच सेंटिमीटरची असते, आणि डोळा कपाळाच्या मागे असतो. म्हणून रिंग अजून केसभर सरकवली आणि पापणीची कड जुळवली. आभाळ भरून आलेलं, रोल २०० आयएसओचा, तरी एफ/२ ला १/२००० लागला. एफएम२ चे वरचे स्पीड अशा वेळी कामी येतात.

रिंग फिरवताना फोकस चेहऱ्यावरून चालत जातो. आधी नाकाचा शेंडा वर येतो, मग गालावरच्या सुरकुत्या, मग डोळे, मग कानातल्या कुड्या. एकेक गोष्ट धुक्यातून बाहेर येते आणि परत विरते. यातलं काय ठेवायचं ते मी ठरवतो, आणि ठरवायला मला ते आधी बघावं लागतं. ऑटोफोकसवाल्या कॅमेऱ्याने मी भरपूर फोटो काढतो, ते चांगलेही येतात, पण हे चालत जाणं तिथे दिसतच नाही, कारण कॅमेरा थेट मुक्कामाला पोचलेला असतो.

त्यात रिंगचा स्पर्श. जुन्या निक्कोर लेन्सच्या आत पितळ-अ‍ॅल्युमिनियमचे दाट पेच असतात आणि त्यांत ग्रीस. रिंग एका संथ वजनाने फिरते, सोडली तिथेच थांबते. जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत भरपूर फेरा असल्यामुळे केसभर सरकवणं शक्य होतं. आजच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्सची रिंग नुसती मोटरला इशारा देते, काचांशी तिचा थेट संबंधच नसतो.

आणि या सवयीने अंतर डोळ्यांत बसतं. टपरीपासून बाकापर्यंत तीन मीटर, वाड्याच्या दिंडीदरवाजातून चौकातल्या तुळशीवृंदावनापर्यंत आठ, हे न मोजता कळायला लागतं. मग रस्त्यावर फोकस करायचीही गरज उरत नाही. ३५ मिमीची लेन्स एफ/८ वर ठेवा, रिंग पाच मीटरवर. साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. लेन्सवर अ‍ॅपर्चरचे आकडे ज्या रंगात असतात त्याच रंगाच्या बारीक रेघा पलीकडच्या कड्यावर असतात. त्या रेघांच्या मधे जे अंतर येतं ते तुमचं. इतकी उपयोगी पट्टी नव्या लेन्सवरून का काढून टाकली याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे कोणते कॅमेरे आहेत, त्यांत हाताला आणि डोळ्याला काय आवडतं, जरूर लिहा.

दिवेलागण

मस्त धागा! कुंकवाचा गोल पुरा होणं वाचताना डोळ्यासमोर आलं.

आमच्याकडे बाबांचा झेनिट ई आहे, सोबत हेलिओस ५८ मिमी एफ/२. त्या काळात परदेशी कॅमेरा परवडणाऱ्या किमतीत हवा असेल तर आपल्याकडे सोव्हिएत झेनिट हा बऱ्याच घरांचा पर्याय होता. आमच्या झेनिटमध्ये स्प्लिट इमेज नाही, नुसती घाशीव काच. म्हणजे चित्र स्वतःच स्पष्ट झालेलं ओळखायचं. हेलिओसवर अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर हवा तो आकडा लावून ठेवायचा, दुसरी पूर्ण उघडी ठेवून फोकस करायचा आणि शटर दाबायच्या आधी ती बंद करत न्यायची. बंद करताना व्ह्यूफाइंडर अंधारत जातो आणि तेव्हाच मागची झाडं, भिंत, माणसं हळूहळू स्पष्ट होत येतात. एफएम२ मध्ये हे बघायला वेगळा लीव्हर दाबावा लागतो, आमच्याकडे प्रत्येक फोटोला आपसूक दिसतं.

मागे पानं असली आणि लेन्स पूर्ण उघडी असली की हेलिओस पार्श्वभूमीला गोल भोवऱ्यात घुसळते. कोयनेच्या जंगलात आईचा एक फोटो काढलाय, तिच्याभोवती सगळी हिरवाई फिरते आहे. तो आता हॉलमध्ये लावलाय.

टेलीलेन्स

लेख आवडला, पण एक गोष्ट पटत नाही. "कॅमेरा थेट मुक्कामाला पोचतो" ही माझ्यासाठी तक्रार नाहीच. भिगवणला उजनीच्या पाण्यावरून फ्लेमिंगोंचा थवा उठतो, ते काही सेकंद असतात. ५०० मिमीवर पक्षी तुमच्या दिशेने येत असताना रिंग फिरवत बसलात तर हातात एकही फोटो राहत नाही. मी हाताने फोकस करण्याच्या काळात सुरुवात केली आहे, तेव्हा उडत्या पक्ष्याचा एक धड फोटो मिळवायला रोलच्या रोल जायचे. पक्ष्याच्या डोळ्यावर चिकटून राहणाऱ्या आजच्या फोकसमुळे मी पक्ष्याची हालचाल, उजेड, पार्श्वभूमी याकडे लक्ष देऊ शकतो. बघणं माझ्याही बाजूला वाढलंच आहे.

घाटवाट

@टेलीलेन्स, उडत्या पक्ष्यांच्या बाबतीत पूर्ण मान्य. १९८५ मध्ये ऑटोफोकसवाला मिनोल्टा ७००० आला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खेळ आणि वन्यजीव टिपणारे बहुतेक जण ऑटोफोकसकडे वळले, ते योग्यच होतं. त्याआधी ही मंडळी सापळा लावायची. क्रिकेटमध्ये लेन्सचा फोकस स्टंपवर बसवून ठेवायची आणि तिथे काही घडेल याची वाट बघायची. पक्ष्यांसाठी खंड्या ज्या फांदीवर परत येऊन बसतो त्या फांदीवर. माझं म्हणणं माणसं, घरं, रस्ते, डोंगर यांच्यापुरतं आहे. तिथे घाई नसते आणि बघायला वेळ असतो.

हायपो

आमचा स्टुडिओ होता साताऱ्याकडे, लग्नाची कामं भरपूर केली. घाटवाट यांनी अंतराबद्दल लिहिलंय त्यात भर घालतो, कारण आमचं पोटच त्या अंतरावर चालायचं.

मंडपात उजेड कमी, व्ह्यूफाइंडरमध्ये धड दिसायचं नाही. पेंटॅक्स के१००० होता, त्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सला झाकण लावलं की सुई पडते. फ्लॅश लावला की १/६० वर राहायचं. मग राहिलं अ‍ॅपर्चर, आणि ते अंतरावरून निघतं. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, २८ असेल आणि नवरानवरी साडेतीन मीटरवर असतील तर २८ भागिले साडेतीन, म्हणजे एफ/८. लेन्सवरचं अंतर वाचायचं, मनात भागाकार करायचा, अ‍ॅपर्चर फिरवायचं. दोन पावलं पुढे सरकलात की परत भागाकार. काही दिवसांनी आकडेमोड राहत नाही, बोटं आपोआप फिरतात. १०० आयएसओचा रोल असेल तर अडीच मीटरला एफ/११, पाचला एफ/५.६.

अंतरपाट धरला की मी जागा पकडून उभा राहायचो. फोकस आधीच अंतरपाटाच्या रेषेवर बसवलेला. शेवटचं मंगलाष्टक चालू असतानाच फ्लॅशचा लाल दिवा लागलाय का बघायचा, कारण 'सावधान' झालं, अंतरपाट खाली गेला, की माणसं अक्षता टाकत पुढे घुसतात आणि हार घालतानाचा क्षण एकदाच मिळतो. रोल ३२-३३ वर आला असेल तर अंतरपाट धरायच्या आधीच बदलून घ्यायचा, चार फोटो वाया गेले तरी चालतील. १९८४ पासूनच्या एफएम२ वर फ्लॅश १/२५० पर्यंत चालतो, त्यामुळे दिवसाच्या वरातीत फार सोय व्हायची, पण ती गावात मोजक्या लोकांकडे होती.

मुलगा आता डिजिटलवर कामं करतो, उत्तम करतो. तरी मंडपात शिरलो की माझ्या डोळ्यांत अजून आकडे येतात, हा साडेतीनवर, तो सहावर.

घाटवाट

हायपोकाका, हे सोनं आहे. गाइड नंबर पुस्तकात वाचला होता, पण अंतरपाटाच्या रेषेवर फोकस लावून उभं राहणं कुठल्या पुस्तकात मिळणार! तुमच्या लग्नाच्या कामांवर एक वेगळा धागा काढाच, ही आग्रहाची विनंती.

सोनचाफा

+१, हायपोकाका, नक्की लिहा.

माझा प्रश्न वेगळा आहे. कॉलेजात असताना के१००० वापरायचे. आता पन्नाशी आली, चाळिशीचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. परत सुरू करायची फार इच्छा आहे, पण व्ह्यूफाइंडरमध्ये स्प्लिट कधी जुळतं ते चष्म्यातून नीट कळत नाही. मान वरखाली करावी लागते. कुणाला अनुभव?

काळापांढरा

@सोनचाफा, नक्की सुरू करा, उपाय आहे. कॅमेऱ्यातला स्क्रीन डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असला तरी आयपीसमधून (डोळा लावायच्या काचेतून) तो बराच लांब असल्यासारखा दिसतो. एफएम२ चा आयपीस उणे एक डायॉप्टरचा आहे, म्हणजे चित्र साधारण मीटरभर लांब दिसतं. तेव्हा मीटरभर अंतरावरचं तुम्हाला कशाने स्पष्ट दिसतं ते बघा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तो भाग मधल्या अरुंद पट्ट्यात असतो, म्हणून मान हलवावी लागते. एकतर फक्त त्या अंतराचा एकच नंबर असलेला साधा चष्मा करून घ्या, नाहीतर आयपीसवर बसणारी डायॉप्टरची छोटी काच मिळते, ती लावून चष्म्याशिवाय बघा. चष्मेवाल्याला "मीटरभर अंतरासाठी" एवढंच सांगितलं की त्याला कळतं.

आणखी एक. स्प्लिटची रेघ आडवी असल्यामुळे तिला उभी कड लागते. विजेच्या आडव्या तारेवर किंवा पाटाच्या कडेवर रिंग कितीही फिरवली तरी काही कळत नाही. कॅमेरा थोडा तिरका करा, फोकस बसवा, परत सरळ करा. आणि लेन्स एफ/४ पेक्षा अंधारी असली की स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडायला लागतो, म्हणून एफ/१.८ किंवा एफ/२ ची लेन्सच घ्या.

सोनचाफा

मीटरभर अंतराचा चष्मा! हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

बाजारहाट

वाचनखूण साठवली. घ्यायचा विचार असलेल्यांसाठी थोडं लिहितो. मुंबईत फोर्टात बोरा बाजारात जुने कॅमेरे पाहायला मिळतात, पुण्यात रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात नशीब असेल तर काहीतरी हाती लागतं. दुकानात घाई करू नका, विक्रेत्याला सांगून मागचं झाकण उघडा. एक सेकंदावर शटर दाबा आणि कान द्या. घरघर अडखळली किंवा शटर उघडंच राहिलं तर आतलं तेल सुकलंय. आरशावरच्या पट्टीचा आणि झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला चिकट काळा लागला तर तो बदलावा लागेल, पण ते स्वस्तातलं काम आहे, त्यासाठी कॅमेरा सोडू नका.

लेन्स मात्र नीट बघा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये ही हमखास, पावसाळ्यात कातडी केसमध्ये बंद करून ठेवल्याचा परिणाम. कातडं ओल धरतं. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि पावसाळ्यात जेल अधूनमधून तापवून कोरडं करा. फोकसची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. जड लागत असेल तर ग्रीस बदलून मिळतं, पण मधेच खरखरली तर कुणीतरी आधी उघडलेली आहे असं समजून पुढे चला. या धाग्याचा विषयच रिंग आहे, तेव्हा रिंग खराब असलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत.

काळापांढरा

बाजारहाट यांनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय.

रोल धुण्याबद्दल कुणीतरी विचारेलच. मी काळेपांढरे रोल घरीच धुतो. एका लॅबने माझ्या निगेटिव्हवर लांबच्या लांब ओरखडे पाडले, तेव्हापासून. इलफर्ड एचपी५ प्लस हा रोल डी-७६ डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच तापलेलं येतं, म्हणून रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करायची. २४ अंशांपर्यंत चालवून घेता येतं, तेव्हा वेळ सव्वापाच मिनिटांच्या आसपास उतरते. त्याहून गरम मी करत नाही, फार कमी वेळात डेव्हलपिंग एकसारखं होत नाही.

आणि निगेटिव्ह वाळत टांगली की भिंग घेऊन आधी डोळे बघायचे. हाताने बसवलेला फोकस तिथे पापणीच्या केसापर्यंत दिसतो. प्रिंटमध्ये किंवा स्कॅनमध्ये बघण्यापेक्षा मला ती मूळ निगेटिव्ह बघण्यात जास्त आनंद होतो.

अवांतर: १९६० मध्ये स्थापन झालेली उटीची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स 'इंदू' नावाने काळेपांढरे रोल बनवायची. आपल्या देशात बनलेला रोल आपल्या हाताने धुवायचा, ते दिवस परत यावेत असं फार वाटतं.

हायपो

इंदूचे एक्स-रे फिल्म आणि ब्रोमाइड पेपरही यायचे. पासपोर्ट फोटोला आम्ही तेच कागद वापरायचो.

नवा_रोल

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काढले. मी आजवर फक्त मोबाइल वापरलाय. एक जुनी एफएम२ बघून ठेवली आहे, नुसती बॉडी आहे. पहिली लेन्स ३५ घेऊ की ५०? आणि रोल कोणता? रंगीत टाकला तर चालेल ना?

घाटवाट

@नवा_रोल, ५० मिमी एफ/१.८ घे. ३५ ची मजा अंतर डोळ्यांत बसल्यावर आहे, आधी नाही, आणि फोकस शिकायला ५० च बरी. तिची पट्टी अरुंद असल्यामुळे फोकस कुठे बसला आणि कुठे नाही ते फोटोत लगेच कळतं. रोल पुढे सरकवायचा लीव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय मीटर चालू होत नाही आणि शटरही दबत नाही, तेव्हा बंद पडला समजून परत करू नकोस. रोल तुला हवा तो टाक, पण मी सांगेन एचपी५ प्लस. तो ४०० आयएसओचा आहे, घरातल्या खिडकीपाशीही चालतो, आणि उजेडाचा अंदाज स्टॉपभर (म्हणजे दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे झाला तरी सांभाळून घेतो. पहिले काही फोटो घरच्यांचे काढ, एफ/२.८ वर, खिडकीजवळ बसवून. खिडकीकडच्या डोळ्याच्या पापणीवर स्प्लिट जुळव आणि त्यांना हलू नका म्हणून सांग. विमानाने जाणार असशील तर रोल सामानात टाकू नकोस, वेगळ्या पिशवीत घेऊन हाताने तपासायची विनंती कर, नव्या सीटी स्कॅनरने फिल्म खराब होते.

धुतलेला रोल हाती आला की इथेच टाक, बघू.